चार फुटी फिश टँकला लाकडी स्टँड: वाड्याच्या कड्यांचं सागवान वापरू का?

गप्पीवाली
नमस्कार मंडळी. लांबण लावतेय, चहा घेऊन बसा.

आमच्याकडे इतकी वर्षं दोन फुटी टाकी होती, दुकानातून आणलेल्या तयार स्टँडवर. गेल्या पावसाळ्यात लादी पुसताना त्या स्टँडच्या खालच्या कडेला बोट लागलं आणि चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा भुगा हातात आला. वरून सनमायका चकचकीत, आत पार्टिकल बोर्ड फुगून मेलेला. टाकी त्याच रात्री उतरवली, गप्पी तीन दिवस बादलीत.

आता ओळखीतलं एक कुटुंब पुण्याला गेलं, जाताना मोठी टाकी आम्हाला देऊन गेलं. ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, काच १० मिमी. स्टँड नाही.

लाकूड मात्र घरचं आहे. सासऱ्यांचा जुन्या नाशकातला वाडा उतरवला तेव्हा कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या, चार कड्या (आडव्या तुळया) यांनी हट्टाने ठेवून घेतल्या. सागवान, प्रत्येकी आठ फूट, ४ बाय ५ इंच. सात वर्षं गच्चीवर ताडपत्रीखाली पडून आहेत. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "ज्या कड्यांखाली मी माप ओलांडून आले, त्यांच्यावर आता मासे नांदणार होय?" याला होकार समजायचं की नकार, ते अजून कळलेलं नाही.

मिस्त्रीकाका म्हणतात, लाकूड चिरत कशाला बसता, १८ मिमी प्लायचा बॉक्स ठोकून देतो, दोन दिवसांत काम. आम्ही इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. टाकी गॅलरीत ठेवायचा विचार आहे, हॉलमध्ये जागा कमी. कोणी केलंय का असं काही?

वेल्डिंगवाला
ताई, अंबडला माझं छोटं वर्कशॉप आहे म्हणून सांगतो असं नाही, पण लोखंडी करा. दीड इंची चौकोनी पाईप, १६ गेज, वर रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंट. एका दिवसात उभा राहतो. लाकडाचे लाड कशाला?

गप्पीवाली
दादा, लोखंड चालेल हो, पण ते हॉलमध्ये पंक्चरच्या दुकानासारखं दिसतं असं घरातल्या दोघींचं एकमत आहे. सासूबाईंचं आणि माझं एकमत वर्षातून एकदा होतं, ते मोडवत नाही.

खडूस
मासे किती रुपयांचे आणि सागवान किती रुपयांचं? हिशेब एकदा करून बघा म्हणजे झालं.

निवांत
एवढ्या टाकीत पाणी बसतं किती पण? शंभरेक लिटर?

पाणसळ
निवांतराव, शंभर नव्हे. ४ × १.५ × १.५ म्हणजे ९ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर. काठोकाठ भरली तर २५५ लिटर, म्हणजे तेवढेच किलो. वर दोन इंच सोडले तरी सव्वादोनशे लिटर झाले.

काचेचं वजन लोक विसरतात. १० मिमी काच दर चौरस मीटरला २५ किलो. या टाकीत तळ आणि चार बाजू मिळून साडेबावीस चौरस फूट काच आहे, ती झाली ५० किलोच्या आसपास. दोन इंच वाळू टाकणार असाल तर तिचे ४०-४५ किलो (तेवढ्या जागेतलं थोडं पाणी कमी होईल, ते सोडा). दगड, झाकण, दिवा धरून ३४०-३५० किलो समजून चाला. सागवानी स्टँड स्वतः ५० किलोपर्यंत जाईल. म्हणजे एकूण ४००.

आता गॅलरीचं. ताई, ते डोक्यातून काढून टाका. आपल्याकडच्या बहुतेक गॅलऱ्या भिंतीतून बाहेर काढलेल्या, एका बाजूने अधांतरी असतात. इमारत किती जुनी, वरच्या सळया गंजल्यात का, पाणी कुठे मुरतंय, हे तुम्हाला दिसत नाही. शिवाय पश्चिमेची गॅलरी असेल तर उन्हाने महिन्याभरात पाण्याचा हिरवा रस्सा होईल.

हॉलमध्ये भीती नाही. घरांसाठी आयएस ८७५ (इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक) च्या दुसऱ्या भागात दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, चालता भार (माणसं आणि सामान यांचा) धरतात. तुमच्या स्टँडखाली पाऊण चौरस मीटरसुद्धा जागा नाही आणि तिथे ४०० किलो येणार, म्हणजे तेवढ्यापुरता आकडा तिपटीहून जास्त दिसतो. पण स्लॅब भार आजूबाजूला वाटून घेतो. दहा बाय बाराच्या खोलीला एकूण बावीसशे किलो धरलेले असतात. फक्त टाकी खोलीच्या मधोमध नको. भिंतीला लागून, बीमच्या जवळ, आणि लांबीची बाजू भिंतीला समांतर. त्याच कोपऱ्यात पुस्तकांनी भरलेलं लोखंडी कपाट असेल तर ते दुसरीकडे हलवा.

(नोकरीत तीस वर्षं हेच केलं, त्यामुळे जरा कीर्तन झालं.)

भद्रकालीकर
पाणसळ काका म्हणतात ते आरसीसी, म्हणजे सिमेंट-सळयांच्या स्लॅबच्या घराचं. ज्यांचं घर अजून कडीपाटाचं आहे त्यांनी वरच्या मजल्यावर मोठी टाकी ठेवू नका, हात जोडून सांगतो. आमच्या माडीवर मी कॉलेजात असताना तीन फुटी ठेवली होती. घरातलं कोणी जिना चढून आलं की टाकीतलं पाणी हलायचं. आजोबा रोज बघायचे, काही बोलायचे नाहीत. एक दिवस खालच्या खोलीत त्यांच्या ताटात वरून माती पडली. मग बोलले.

लाकडाबद्दल एकच सांगतो. वाड्याच्या कडीत खिळे असतात, वरून दिसत नाहीत. डोकं गंजून गेलेलं असतं, दांडा आत राहतो. वखारवाले जुनं लाकूड म्हटलं की तोंड फिरवतात, कारण एक खिळा लागला की पातं गेलं. आधी घरी लोहचुंबक फिरवा. जिथे ओढ लागेल तिथे खडूने खूण करा.

रंधा
सुतारकाम माझा धंदा नाही, व्याधी आहे. पंधरा वर्षांत टाक्यांचे पाच स्टँड केले, त्यातला पहिला फेकला. तो का फेकला ते सांगतो, म्हणजे तुमचं लाकूड वाचेल.

सगळे विचारतात, वजन पेलेल का? पेलेल. दोन इंच बाय दोन इंचाचा सागवानी पाय घ्या. चार पायांवर ३५० किलो म्हणजे एकावर नव्वदच्या आत, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो. उभ्या लाकडाला याचं काहीच वाटत नाही. पाय चिरडून स्टँड मोडला असं मी अजून एकदाही पाहिलेलं नाही. स्टँड जातात ते तीन गोष्टींनी: भार स्क्रूवर लटकतो, चौकट बाजूला कलते, नाहीतर पाणी लाकडात शिरतं.

एक. वरून येणारा भार लाकडावरून लाकडावर बसत खाली जमिनीपर्यंत गेला पाहिजे. टाकी वरच्या चौकटीवर, चौकट पायाच्या डोक्यावर, पाय जमिनीवर. मधल्या कुठल्याही जागी मनातल्या मनात स्क्रू काढून टाका आणि बघा, लाकूड खाली घसरेल का? घसरणार असेल तर तो सांधा चुकला. स्क्रू आणि फेविकॉल वस्तू जागेवर धरायला असतात, उचलून धरायला नाहीत.

दोन. वरची लांब पट्टी उभी ठेवा, आडवी नको. २ बाय ४ ची पट्टी चपटी टाकली तर जेवढा बाक येईल त्याच्या चौथाई बाक ती उभी केल्यावर येतो. लाकूड तेच, पैसे तेच. तुमच्या टाकीला चार फुटांच्या पट्टीवर निम्मं वजन धरलं तर उभ्या सागवानी पट्टीला एखादा मिलिमीटर बाक येईल, चपटीला चारेक. काचेचा तळ चार मिलिमीटरला माफ करत नाही. आणि मध्ये एक पाय दिलात तर अंतर निम्मं होऊन बाक थेट सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून चार नाही, सहा पाय. मधल्या पायाने दार छोटं होतं म्हणून कुरकुर होते, होऊ द्या.

तीन. कलणं. चार पाय आणि वर-खाली चौकट एवढंच केलं तर ते पत्त्यांचं घर आहे. पोराने सोफ्यावरून उडी मारून टाकीच्या कडेला धरलं की सगळा संसार एका बाजूला. मागे पूर्ण १२ मिमी प्लाय चौकटीला स्क्रूने आवळून मारा. नळ्यांसाठी भोक पाडायचं तर कोपऱ्यात नको, मधे. एका टोकाच्या बाजूलाही प्लाय द्या.

मिस्त्रींचा प्लायचा बॉक्सही चुकीचा नाही बरं का. नीट केला तर तो उत्तम टिकतो. पण प्लाय आयएस ७१० चा घ्यायला लावा, बाजारात मरीन म्हणतात तो. आयएस ३०३ मधला साधा एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) घरातल्या दमटपणापुरता असतो, रोज ओघळणाऱ्या पाण्यापुरता नाही.

वेल्डिंगवाला
हे रंधाभाऊ बोलले ते लोखंडालाही लागू. माझ्याकडे दुरुस्तीला येणारे स्टँड वजनाने तुटलेले नसतात, एका बाजूला कललेले असतात. तिरकी कैची मारली की बरे होतात. तरी माझं म्हणणं लोखंडच, पण ठीक आहे, तुमच्या घरात लाकडाला दोन मतं पडलीत.

गप्पीवाली
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! गॅलरी रद्द. हॉलमध्ये देवघराच्या भिंतीला बीम आहे, तिथे टाकी. पुस्तकांचं कपाट लेकाच्या खोलीत गेलं, त्यावरून वेगळं महाभारत झालं ते इथे नको.

कड्या काल गच्चीवरून उतरवल्या. लेक सातवीत आहे, त्याने स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून तासभर फिरवलं. अकरा ठिकाणी ओढ लागली. मिस्त्रीकाकांनी पटाशीने उकरून नऊ काढले. चौकोनी दांड्याचे, लोहाराने ठोकून केलेले खिळे, एकही सरळ नाही. एका कडीचं एक टोक वाळवीने पोकळ निघालं, बाकी तीन टणटणीत.

वखारवाल्याने आधी नाहीच म्हटलं. खडूच्या खुणा दाखवल्यावर म्हणाला, उरलेल्या दोन जागा सोडून चिरतो, पातं गेलं तर पैसे तुमचे. पातं गेलं नाही. पण ताई-दादांनो, वरचा काळा थर निघून आतला मधाळ रंग बाहेर आला आणि वास सुटला तेव्हा मी तिथेच थांबले. किती वर्षांचं ते लाकूड, आणि वास आजचा. थोडा भुसा पिशवीत भरून सासूबाईंना नेऊन दिला. त्यांनी हुंगला आणि म्हणाल्या, "माजघर." आता हा होकार आहे असं मी धरून चाललेय.

तीन कड्यांमधून पावणेदोन बाय चारच्या सहा पट्ट्या निघाल्या, आठ-आठ फुटी. रंधादादा, पुरतील ना?

रंधा
वर-खाली दोन चौकटी, त्यात तीन-तीन आडव्या, आणि अडीच फुटी सहा पाय. सगळी बेरीज साडेअडतीस फूट येते. तुमच्याकडे अठ्ठेचाळीस आहे. वाया घालवायला साडेनऊ फूट, म्हणजे जपून.

सागवान तेलकट असतं. रंधा मारल्या दिवशीच फेविकॉल लावा, शिळ्या पृष्ठभागावर नको. लावण्याआधी थिनरचा फडका मारा. आणि ते काळे जिप्समचे स्क्रू मिस्त्रींच्या पिशवीत असतील ते त्यांना परत पिशवीत ठेवायला सांगा. ठिसूळ असतात, सागवानात अर्ध्यात मुंडकं तुटतं. आधी बारीक भोक पाडून, स्क्रू मेणबत्तीवर घासून मग आवळा.

खडूस
एका गप्पीसाठी एवढं? राम मंदिराला कमी चर्चा झाली असेल.

गप्पीवाली
एका नाही, चौदा आहेत. तीन पोटुशा.

चौकट उभी राहिली! फोटो चढत नाहीये म्हणून लिहून सांगते. पाय पूर्ण उंचीचे, तीस इंच. पुढची लांब पट्टी दोन कोपऱ्यांच्या पायांच्या मध्ये बसवलीय, दोन्ही बाजूंनी तीन-तीन स्क्रू. मागेही तसंच. मधले पाय पट्टीच्या खाली. वरून सगळं एका पातळीत, काय सुरेख दिसतंय!

रंधा
ताई, थांबा. कोपऱ्याच्या पायांच्या मध्ये म्हणजे पट्टीची टोकं पायांच्या बाजूला चिकटली आहेत, पायाच्या डोक्यावर बसलेली नाहीत. बरोबर ना? मग मनातल्या मनात स्क्रू काढा.

गप्पीवाली
...पट्टी खाली पडली.

अरे देवा.

पाणसळ
मधले पाय खाली आहेत हे नशीब. पण टोकांना निम्मा भार स्क्रूंवर आहे. आज काही होणार नाही. दोन पावसाळ्यांत लाकूड फुगून-आटून स्क्रूची भोकं सैल होतील, मग टोकं मिलिमीटरभर बसतील, मधला भाग बसणार नाही. म्हणजे तळाच्या काचेला मधोमध उंचवटा. काच तशीच तडकते.

रंधा
मोडू नका. कोपऱ्याच्या प्रत्येक पायाला आतून एक जोडपाय द्या. जमिनीपासून पट्टीच्या खालच्या अंगापर्यंत, साधारण सव्वीस इंच, कुठेही फट न ठेवता घट्ट ठोकून बसवायचा, पायाला फेविकॉल आणि स्क्रू. आता पट्टी जोडपायावर बसली, जोडपाय जमिनीवर. चार जोडपायांना पावणेनऊ फूट लाकूड लागेल. तुमचे साडेनऊ फूट इथे गेले.

आणि मिस्त्रींना माझ्या नावाने बोलू नका. दरवाजाच्या चौकटीची सवय असते हाताला, तिथे असंच चालतं.

गप्पीवाली
काकांना सांगायला मला दोन कप चहा लागला. आधी म्हणाले, "चाळीस वर्षं काम करतोय, आता मोबाईलवाले शिकवणार." मी काही बोलले नाही, फक्त विचारलं, हे स्क्रू काढले तर काय होईल काका? ते चौकटीकडे बघत राहिले. मग चहा संपवला, कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाले, "सव्वीस इंच ना? पाव इंच लांबच कापतो, ठोकून बसवतो." आतले तळ त्यांनी करवतीने नाही, रंध्याने केसाकेसाने उतरवले. चौथ्या जोडपायाला लाकूड कमी पडलं तेव्हा वाळवीवाल्या कडीच्या चांगल्या बाजूतून काढलं.

दुसरी गंमत. मागचा प्लाय लावण्याआधी त्यांनी एका टोकाला तळहाताने ढकललं, तर चौकट अशी डुलली जशी भाजीवाल्याची हातगाडी. प्लाय आवळल्यावर मी आणि लेक दोघांनी जोर लावला. स्टँड हलला नाही, लादीवर लेकच घसरला.

मेरीकर
छान चाललंय. मला एक शंका. चौकट काटकोनात आहे की नाही हे गुण्याने बघितलं तर पुरेल का?

पाणसळ
गुण्या एक फुटाचा आणि चौकट चार फुटांची. छोट्या गुण्यातली चूक टोकाला चौपट होते. कर्ण मोजा. ४८ बाय १८ इंचाच्या चौकटीचा कर्ण सव्वाएक्कावन्न इंच येतो, दोन्हीकडून. दोन्ही कर्ण सारखे तर काटकोन बरोबर.

पण काचेच्या दृष्टीने काटकोनापेक्षा पीळ महत्त्वाचा. चौकट थोडी एका बाजूला उतरती असली तर पाणी तिरकं दिसेल, वाईट दिसेल, इतकंच. पण तीन कोपरे एका पातळीत आणि चौथा दोन मिलिमीटर वर, असं असलं तर रिकामी टाकी डुगडुगते आणि भरली की काच पिळली जाते. हे पाणसळीवर पटकन दिसत नाही. दोन दोऱ्या घ्या, वरच्या चारही कोपऱ्यांवरून फुलीसारख्या ताणून बांधा. मध्ये दोऱ्या एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. मग खालची वर, वरची खाली करून पुन्हा बघा. फट दिसली किंवा एकीने दुसरीला वाकवलं तर पीळ आहे.

गप्पीवाली
पतंगाच्या साध्या दोऱ्याने केलं. पहिल्या फेरीला टेकला, उलट केल्यावर कागद सरकेल एवढी फट. काका म्हणाले, चूक लाकडात नाही, तुमच्या लादीत आहे. स्टँड फिरवून ठेवला तर अधांतरी पाय दुसराच निघाला. खरंच लादीच!

रंधा
मग पाचर पायाखाली द्या, टाकीखाली कधीच नको. प्लास्टिकची किंवा पत्र्याची पातळ चकती, लाकडाची नको. पायाचं खालचं तोंड म्हणजे लाकडाच्या कापलेल्या नळ्या, लादी पुसलेलं पाणी तिथून वर ओढलं जातं. तुमचा पहिला स्टँड तिथूनच मेला. प्रत्येक पायाच्या तळव्याला इपॉक्सीचे दोन हात द्या, वाळले की खाली नायलॉनची जाड चकती. वर टाकीखाली १९ मिमी मरीन प्लाय, त्याच्या चारही कडा इपॉक्सी पाजून बंद करा. प्लाय वरून कमी, कडेतून जास्त पितो.

निवांत
थर्माकोल टाकायचा की नाही? दुकानदार म्हणतो टाकाच.

रंधा
टाकीचा तळ सपाट उघड्या काचेचा असेल तर हो, अर्धा इंच. वाळूचा एखादा खडा खाली राहिला तर थर्माकोल तो पोटात घेतो. तळाला प्लास्टिकची उचललेली चौकट असेल तर नको, तिथे भार कडांवरूनच जायचा असतो. आणि वाकडा स्टँड थर्माकोलने सरळ होत नाही, हे दुकानदार सांगत नाही.

मेरीकर
पाणी कुठलं वापरता? आमच्याकडे क्लोरीनने...

खडूस
पाण्याचा वेगळा धागा काढा हो. इथे सुतारकी चाललीय.

गप्पीवाली
चाचणी झाली. घरात नाही, खाली पार्किंगमध्ये. रिकामी टाकी चौघांनी खाली नेली, जिन्याच्या वळणावर माझा श्वास अडकला होता. आधी पाव, मग निम्मी, मग पूर्ण, मध्ये दोन-दोन तास. प्रत्येक वेळी पुढच्या पट्टीखाली ताणलेल्या दोऱ्याशी अंतर बघितलं. मिस्त्रीकाका बोलावलं नसताना आले, खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "स्क्रू काढले तरी पडणार नाही" असं सांगत होते. रात्रभर तशीच ठेवली. सकाळी दोऱ्याशी अंतर तेवढंच.

रिकामी करताना नळी निसटली आणि दोनशे लिटर पाणी शेजारच्या काकांच्या स्कूटरखालून गेटपर्यंत. काका म्हणाले, गोदेला पूर आला की आधी सराफ बाजारात पाणी येतं, आता पार्किंगमध्येही येणार का? मिसळीवर मिटलं.

पाणसळ
उत्तम. आता वायरिंग. प्लगचा बोर्ड स्टँडच्या आत जमिनीवर पडलेला नको, आतल्या बाजूला वर स्क्रूने लावा. प्रत्येक वायर बोर्डात जाण्याआधी खाली झोका घेऊन मग वर चढू द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोक्याच्या तळाशी पडेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. घरात ३० मिलिअँपिअरचं ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण) आहे का ते बघून घ्या. नसेल तर टाकी भरण्याआधी तेच बसवा, मासे थांबतील.

वेल्डिंगवाला
मान्य आहे ताई, लाकडात केलंत ते झकास. पॉलिश कुठलं?

गप्पीवाली
पीयूचे (पॉलियुरेथेनचे) तीन हात, मॅट. काका मेलामाइन म्हणत होते, पण पाण्याला पीयू बरं असं रंगवाल्याने सांगितलं. आतल्या बाजूलाही दिलं, तिथेच कंजूषी होते. मजुरी पाच दिवसांची झाली, दोनाची नाही. प्लाय, स्क्रू, पॉलिश, वखार धरून खर्च तयार स्टँडच्या वर गेला, खडूसदादांना आनंद होईल.

खडूस
झाला.

भद्रकालीकर
आणि सासूबाई?

गप्पीवाली
टाकी भरून आज नववा दिवस. संध्याकाळी दिवा लागला की त्या खुर्ची ओढून समोर बसतात. माशांकडे कमी, स्टँडकडे जास्त बघतात. एका पायावर खिळ्याचं जुनं काळं भोक राहिलंय, काका भरणार होते, त्यांनी भरू दिलं नाही.

वाळवीवाल्या कडीचा तीन फुटांचा चांगला तुकडा उरलाय. मी त्याचं टाकीसाठी झाकण करणार होते. काल कळलं की सासूबाईंनी मिस्त्रीकाकांना परस्पर फोन केलाय, गणपतीच्या आत दोन पाट हवेत, आणि मापही सांगून मोकळ्या झाल्यात.